कातळावरचे सातशे मीटर

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळचे दहा. मंगरूळपीरच्या आमच्या घरी तिघे बसलो होतो: मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ. तिघांच्या कोकण सहलीला अठरा हजार रुपये ठरले. समुद्र आमच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता.

घाई होती बायकोच्या उजव्या गुडघ्याची. मार्गशीर्ष पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी अकोल्याला त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी तिला एवढंच हवं होतं. ‘‘नंतर कसं चालता येईन, कोनाले माहीत. एकडाव आपल्या पायानं समुद्राच्या काठानं जायचं हाय मले.’’

मेहुण्याने राहायची जागा शोधली. घरमालकीण फोनवर म्हणाली, वाळू थोडीच आहे, बाकी काळा कातळ आणि लाटा. पण घरामागून एक वाट कातळाच्या कडेने छोट्या खाडीपर्यंत जाते. जेमतेम सातशे मीटर, चढ नाही, अगदी सोपी.

‘सोपी’ म्हणजे किती सोपी, हे मला कळेना. आमची जमीन काळी, सपाट. दगड दिसतो तो बांधावर किंवा तलावाच्या पाळीला. मी पुन्हा फोन केला. वाटेची रुंदी किती? बसायला जागा कुठे? दगड केवढे?

‘‘म्हशीएवढे,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुम्ही म्हशीवरून नाही, बाजूने जायचंय.’’

मेहुणा खो खो हसला. ‘‘भाऊजी, आता तुमी तिले दगडाचा सातबारा मांगसान.’’

मला राहवेना. शेत मोजायची टेप घेऊन गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर गेलो आणि सातशे मीटरवर चुन्याची खूण केली. रोज संध्याकाळी बायकोला तिथे न्यायचो. पहिल्या दिवशी ती तीनशे मीटरवर बसली. दोन आठवड्यांनी पाचशेवर. मी घड्याळ बघत मागून चालायचो. ती बसली की मी मात्र पाळीवर येरझाऱ्या घालायचो.

‘‘तुमी समुद्र पाह्याले चालले का शेत मोजाले?’’ ती म्हणाली. ‘‘बसा नं जरा. तुमच्यानं माहा गुडघा जास्त दुखून राह्यला.’’

दिवस आम्ही पौर्णिमेचा धरला होता. घरात कुठलंही जाणं-येणं कॅलेंडर बघूनच ठरतं आणि पौर्णिमा चांगली. शिवाय मेहुण्याला चांदण्यातला समुद्र बघायचा होता. रेल्वेची तिकिटं काढून झाली. निघायला बारा दिवस राहिले तेव्हा मी मालकिणीला सगळं वेळापत्रक वाचून दाखवलं. पौर्णिमेला सकाळी दहाला चालायला निघू, साडेअकराला जेवायला परत.

पलीकडून ती म्हणाली, ‘‘अहो, पौर्णिमेला दहाला कुठे जाताय? वाट पाण्याखाली असते तेव्हा.’’

‘‘काहून? पाऊस हाय का तिकडे?’’ मी विचारलं.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने समजावलं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पौर्णिमेचं उधाण, पाणी वाटेवरून जातं. सकाळ-संध्याकाळ पाचच्या सुमाराला उतरतं, पण तेव्हा कातळ ओला आणि शेवाळलेला. गुडघेवाल्या माणसाने जाऊ नये. अष्टमीला मात्र भरती सहाला, तीही कमी. दुपारी वाट कोरडी.

मी वहीत आठाची पाऊणपट केली. सहा. हिशोब चुकत नव्हता. चुकलो होतो आम्ही. रस्ता म्हणजे सकाळी दिसला तो दुपारीही तिथेच असणार, याखेरीज दुसरं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं. अंतर मोजलं, दगड विचारले, पाणी विचारलं नाही.

पौर्णिमेआधीच्या अष्टमीला मालकिणीचं घर भरलेलं होतं; नंतरची, वद्य अष्टमी म्हणजे ऑपरेशनच्या तारखेनंतर दोन दिवसांनी. मी म्हणालो, ‘‘राहू दे. आधी पाय, मग समुद्र.’’ बायको उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातूनच तिने अकोल्याला फोन लावला. तिचं बोलणं ऐकू येत होतं. ‘‘दहा दिवस पुढं घेतलं तं पाय खराब होईन का? नाही नं? मंग घ्या.’’

बाहेर येऊन भावाला म्हणाली, ‘‘तिकिटं बदल. अन् भाऊजीले सांग, टेप घरी ठिवा.’’

अष्टमीला दुपारी बारा वाजता आम्ही निघालो. मालकिणीने सोबतीला कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढणारी एक बाई दिली होती, कारण कुठला दगड हलतो ते तिलाच ठाऊक. लाटांचा आवाज एवढा की माझं ‘‘हळू, हळू’’ कुणाला ऐकूच जात नव्हतं. बायको त्या बाईचा हात धरून पुढे गेली, थांबली, पुन्हा गेली. खाडी दिसायला लागली तिथे, माझ्या अंदाजाने साडेपाचशे मीटरवर, ती एका कोरड्या दगडावर बसली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

‘‘झालं माहं,’’ ती म्हणाली. परत फिरतानाही तिने माझा हात घेतला नाही, त्या बाईचाच धरला.

त्या कालवं काढणाऱ्या बाईला आम्ही तीनशे रुपये दिले.