तुकड्यांचं अर्पण

पोरांची जेवणं झाली की ती पंगतीतून फिरायची. कुणाच्या ताटलीत भाकरीचा तुकडा राहिलेला दिसला की तो उचलून वर धरायची.

"ह्यो कुनाचा?"

पोरं खाली बघायची.

"कुनाचाच न्हाई? मंग परभूचा." आणि तुकडा तिच्या ओच्यात जायचा.

मिशनच्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करायची. त्याच आवारातल्या शाळेत मी मास्तर होतो, आणि ख्रिस्ती मंडळीचा पंचही. तिचं नाव मी लिहीत नाही. मंडळीतल्या जुन्या माणसांना ती कोण ते कळेल. दूधभुकटी चोरली म्हणून तिला काढलं, असं तुम्ही ऐकत आला आहात. ते खोटं आहे. खरं काय ते माहीत असलेल्यांपैकी आता मीच उरलो आहे.

तिला अक्षर येत नव्हतं. उपासनेत पाळकसाहेब वाचायचे त्यातलं मनात राहील तेवढंच तिचं शास्त्र. प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं, इथवर आम्ही सगळेच सांगायचो. ती पुढचं सांगायची.

"जेवनं झाल्यावर परभू काय म्हनला? उरलेले तुकडे येचा म्हनला. त्याला काय कमी हुतं? पुन्ना केल्या असत्या भाकरी. तरी त्यानं येचाया लावलं. मंग आपुन कोन टाकनार?"

पाण्याचंही तसंच. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं पाणी आवारातल्या लिंबाला. "पान्याला दोनदा राबवावं, मंगच सोडावं," म्हणायची. एकदा पाळकसाहेबांनी बशीत घोटभर चहा ठेवला, तर ती बशी उचलेना. समोर उभीच राहिली. साहेबांनी निमूट बशी तोंडाला लावली.

पोरांसाठी मदत म्हणून येणाऱ्या दूधभुकटीच्या रिकाम्या पिशव्या उसवून तिनं चोळ्या शिवल्या होत्या. पाठीवर निळ्या इंग्रजी अक्षरांत 'विकण्यास मनाई' असं छापलेलं. पोरांनी अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं लिवलं. न्हाईतर बाजारात नेऊन इकलं असतं तुमी मला."

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी पोरांच्या घशाखाली उतरत नसत. तुकडे जास्त उरू लागले. ती ते पत्र्यावर वाळवायची आणि पोत्यात भरून ठेवायची.

आमच्याकडे पिकं घरात आली की उपकारस्तुतीचा सण होतो. जो तो आपल्या पिकातलं पहिलं देवळात आणतो; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. कणसं, भोपळे, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. एकच भोपळा तीन जण विकत घेतात आणि तिघंही तो परत देवळाला देतात, अशी गंमत चालायची. त्या साली आणायला काही नव्हतं. मेजावर थोडी अंडी होती, कुणी मूठभर हुलगे ठेवले होते.

ती धुवट पातळ नेसून, डोक्यावर गाठोडं घेऊन आली. मेजापुढे तिनं ते सोडलं. वाळलेले तुकडे एकमेकांवर खडखडले.

"ह्ये आपलं औंदाचं पीक," ती म्हणाली.

मग आमचे थोरले पंच, पेन्शनीत निघालेले हेडमास्तर, उठले आणि चप्पल न घालताच बाहेर गेले.

त्यांचा बाप गावचा येसकर होता. माझाही. गावाची राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि संध्याकाळी काठी आपटत दारोदार फिरून शिळे तुकडे घोंगडीत घ्यायचे, ही त्याची मजुरी. वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. ते तुकडे आमच्याही छपरांवर वाळत असत. पावसाळ्यात तेच शिजवून आम्ही खाल्ले आहेत. त्यातून उठून आम्ही या देवळात आलो, शिकलो, धोतराचा सोगा हातात धरून चालू लागलो. आणि आता तेच तुकडे प्रभूच्या मेजापुढे पडले होते. खोटं कशाला सांगू, मीही तोंड फिरवलं.

लिलावात ते गाठोडं कुणी पुकारलं नाही. सगळे पांगल्यावर तिनं ते उचललं आणि आवाराच्या फाटकात बसली. समोरच्या रस्त्याला दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बाया आल्या, पदर पसरून घेऊन गेल्या. सगळ्या जातींच्या होत्या. बघता बघता गाठोडं रिकामं झालं.

त्यानं प्रकरण मिटलं नाही, चिघळलं. मिशनच्या दारात तुकडे वाटले, आपल्या पोरांनी ते बघितलं, गाव काय म्हणेल. त्याच संध्याकाळी पंच बसले. ठरलं की उष्टं यापुढे मागच्या खड्ड्यात टाकायचं. जमत नसेल तर बाईनं जावं. पाळकसाहेब मेजावरची अंडी टोपलीत भरत राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती."

ती चुलीपाशी होती. मी सांगितलं.

"तुझा बाप पण येसकर होता," मी म्हणालो. "तुला लाज कशी वाटत नाही?"

"तवा वरून टाकत हुते म्हनून लाज. आता मी माज्या हातानं उचलते, मास्तर. तुकडा त्योच हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयत्न केला. उष्ट्याची पाटी घेऊन खड्ड्यापाशी गेली, उभी राहिली, तशीच परत आली.

"हात उठत न्हाई."

"माझ्याही हातात काही नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिनं माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं.

आठवडा संपायच्या आत ती घोडेगावला बहिणीकडे निघून गेली. नवी बाई आली. खड्डा भरू लागला. खडी फोडणाऱ्या बाया कुंपणाच्या तारेपाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि रखवालदार त्यांना हाकलायचा.

भुकटीची गोष्ट कुणी काढली ते मला खरंच माहीत नाही. देवळाच्या पायरीवर ती माझ्या कानावर आली तेव्हा खोडायला तोंड उघडलं. पण ती चोर नव्हती म्हटलं की का गेली ते सांगावं लागलं असतं. ते सांगायचं म्हणजे हेडमास्तरांचा बाप, माझा बाप, ती घोंगडी, सगळं चारचौघांत मांडायचं. हेडमास्तर माझ्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. मी तोंड मिटलं.

पुढच्या साली मेव्हण्याला शेळी घ्यायची म्हणून त्याच्याबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेलो. ती भेटली. पार वाळली होती.

"सलाम, मास्तर. पोरं बरी हायेत?"

"बरी आहेत."

"ताटं चाटूनपुसून खात्यात ना आता?"

"हो," मी म्हणालो.

तिचं तोंड उजळलं. "मंग खड्ड्याचं कामच न्हाई पडत. औंदा येते उपकारस्तुतीला. पाऊस बरा झाला तर बहीन भोपळा देईल."

पाऊस बरा झाला. त्या साली मेज भरून गेलं होतं. लिलाव संपेपर्यंत मी फाटकाकडे बघत होतो. ती आली नाही. तिच्या बहिणीच्या गावचा एक माणूस आला होता, त्याला विचारलं.

तो म्हणाला, "निघाली हुती. भोपळा बांधून घेतला हुता. यष्टीपाशी कुनीतरी भुकटीचं बोललं तिला. मंग माघारी गेली."