बाबांच्या गाडीची मागची काच

मंडळी, बोटं अजून दुखतायत, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

बाबांच्या जुन्या गाडीत मागच्या काचेच्या कडेने पावसाचं पाणी गळायचं. तशी काच आता कुठे मिळत नाही, म्हणून तीच काढून नीट बसवायला आज विचुंबे गावच्या गॅरेजवाल्या काशिनाथभाऊंकडे गेलो. काच गमने चिकटवलेली. त्यांनी गममधून बारीक तार ओवली. एक टोक आत बसलेल्या माझ्याकडे, दुसरं बाहेर त्यांच्याकडे. करवतीसारखं आळीपाळीने ओढायचं.

"हळू दादा, नायतर काच गेली."

दीड तासाने काच अख्खी निघाली! मी आनंदाने ओरडलोच.

काशिनाथभाऊंनी मात्र चौकटीला बोट लावलं आणि गंजलेल्या पत्र्याचा भुगा खाली पडला.

"काच हाय, पन बसवू कशावर?"

गळलं की वरून सिलिकॉन फासायचं, ही बाबांची पद्धत. ते गेल्यावर मीही तेच केलं. पाणी आत मुरत राहिलं. काच फुटेल या भीतीने ती काढून बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

गाडी तिथेच सोडली. काच चादरीत गुंडाळून घरी आणली.

आईने दारातच विचारलं, "फुटली नाही ना रे?"

"नाही," म्हणालो. पुढचं, चौकट सडल्याचं, तुम्ही सांगितलं असतं का?