अकोल्यातली शिट्टीबंदी

पोरीला डॉक्टर करायचं म्हणून मी बार्शीटाकळीचं घर नवऱ्यावर आणि म्हशींवर सोपवलं आणि अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहायला आले. इमारतीत सगळ्या अशाच आया. पोरं क्लासची, आया पहाऱ्याच्या. टीव्ही बंद, पाहुणे बंद, बोलणं कुजबुजत. कुकरच्या शिट्टीनं पोरीचं लक्ष उडतं म्हणून मी डाळसुद्धा जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, उघडीच शिजवायची. शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारणारी बाई मी. कुजबुजून कुजबुजून जीव मेटाकुटीला आला.

मग झोप गेली. मान, पाठ, पिंढऱ्या, सगळं अंग ठणकायचं. तपासण्यांत काही निघेना. नवरा फोनवर म्हणाला, "जमत नसन त घरी ये. पोरीले हॉस्टेलात ठिवू." पोरीनं ते ऐकलं आणि त्या दिवशी ताटावर बसलीच नाही. मलाही तिला सोडून जायचं नव्हतं.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, दिवसभर करता काय?"

"गप्प बसतो," मी म्हटलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, भांगेत असतं त्याच्या जातीचं काहीतरी आपलं शरीर स्वतःच बनवतं. दुखणं, भूक, झोप, मन ताळ्यावर ठेवायला. चालण्यानं, माणसांत राहण्यानं त्याला बळ मिळतं.

"भांग? बाई, आमच्या घरात माळ हाये!"

सोबत आलेली पोरगी कानाशी लागली, "आई, एंडोकॅनाबिनॉइड म्हणतात त्याले."

"तुहं तुह्यापाशी ठेव."

औषध काय, तर रोज चाला, मोकळं बोला, जवसाची चटणी खा. इतका स्वस्त उपाय ऐकून मला त्यांच्या शिक्षणाचाच संशय आला.

तरी निघाले. शेजारच्या खोलीतल्या शेंदूरजनाघाटच्या बाईला ओढलं. संध्याकाळी पोरं क्लासला गेली की आम्ही मैदानाकडे. पहिल्या दिवशी तिथंही कुजबुजतच होतो, आता बोला! मग तिनं संत्र्याच्या व्यापाऱ्याशी भांडणाऱ्या आपल्या सासऱ्याची नक्कल केली, आणि मी अशी हसले की बाभळीवरचे बगळे उडाले. किती महिन्यांनी माझाच आवाज मला ऐकू आला. फार बरं वाटलं. हळूहळू बाकीच्या आयाही आल्या. गाणी झाली, गाण्यांवरून भांडणंही झाली. भूक लागायला लागली, अंग हलकं झालं. झोप मात्र रुसलेलीच होती, आणि नवऱ्याचा फोन काही थांबत नव्हता.

एका रविवारी पोरीला सुट्टी, म्हणून मी सकाळीच फिरून आले. पाच मिनिटं टेकते म्हणत आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा ऊन कललं होतं. पोरगी उपाशी असेल! धडपडत उठले, स्वयंपाकघराचं लोटलेलं दार उघडलं. पोरगी ओट्याखाली फरशीवर पुस्तक घेऊन बसली होती.

"मले उठवलं काहून नाई व?"

"तू घोरून रायली होती," ती सवयीनं कुजबुजली. "मंग कशी उठवू?"

कुकर फळीवर तसाच होता. गॅसवर जर्मनच्या गंजात डाळ शिजत होती, उघडी.