पहिल्या खांबाचं हळदकुंकू

सातारा आणि सांगली ही दोन राज्यं एकत्र येऊन कृष्णा संघ झाला, तेव्हा मी सांगलीत शाळेत होतो. गुरुजींनी गूळ वाटला आणि सांगितलं, आता कराड परकं नाही. पुढं माझी बहीण कराडलाच दिली.

यंदा पावसाळ्यात संघ मोडला. बातमी ऐकून मी सरळ जेवायला बसलो. कागदावरचं काम, आपल्याला काय त्याचं. त्याच आठवड्यात कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपला लोखंडी खांबांची मोठी ऑर्डर आली. कशाला हवेत, हे मी मूर्खानं विचारलंही नाही. नव्या कामाचा पहिला नग पूजायचा, ही आमची रीत. खांबाच्या ओल्या रंगावरच मी हळदकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला, पेढे वाटले.

भाऊबीजेला कराडला निघालो. वाटेतच रस्ता खांबांनी अडवलेला. शिपाई म्हणाला, "आवं, परवाना असल्याबिगर पलीकडं जाता येत न्हाई."

कसला परवाना, बहिणीकडं जायला? त्याला चार शब्द सुनवायला पुढं झालो आणि जागीच थिजलो. मधल्या खांबावर, वाळलेल्या रंगात, माझीच बोटं उमटलेली होती.