सुईवाली आणि ताईची साखळी

सुईवाले,

हे लिहिण्याआधी तुझी परवानगी काढायला हवी होती. पण तू 'बघू, सांगते' करत महिना घालवशील, आणि माझ्याकडे घालवायला फार महिने उरलेले नाहीत. तुझी हकिगत लिहून काढते आहे. 'तू, तू' करत लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल मी तुला फैलावर घेतलंय, आणि ते काही अगदीच खोटं नाही. म्हणून इथून पुढे तुला 'ती' म्हणते. चुकेल तिथे कान पकड.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, पण लॅबमध्ये बसून नव्हे. सकाळी सहाला खांद्याला पिशवी, पिशवीत थंड पेटी, ट्यूबा, सुया, कापूस, रबरी पट्टा. दहाच्या आत आठ-नऊ घरं व्हायची. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बेल वाजली की आतून आवाज यायचा, 'सुईवाली आली.' ज्या अवतारात माणूस व्याह्याला दार उघडणार नाही, त्या अवतारात लोक तिला दार उघडत: केस पिंजारलेले, तोंड न धुतलेलं, चहाविना डोकं फिरलेलं. कुणाची साखर चढली, कुणी बायकोपासून रिपोर्ट लपवला, सगळं तिला माहीत असायचं. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, एवढा एकच नेम ती पाळायची. अठरा वर्षांत शीर चुकली असेल तर दोन-चारदा.

तिचा नवरा बाइंडर. त्याचा छापखाना बंद पडला आणि तो सकाळपासून खिडकीशी बसू लागला. तक्रार करणारा माणूस नव्हता तो, आणि तेच तिला जड जात होतं. अशात ताई आली.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे हिच्या वेण्या ताईने घातल्या, आणि लॅबच्या कोर्सची फी ताईने स्वतःच्या बांगड्या मोडून भरली. अशा बहिणीला 'नाही' म्हणायची सवय जिभेला लागतच नाही. ताई एका कंपनीची सभासद झाली होती. पावडरचा डबा, रोज सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून. त्याने साखर जाते, गुडघे जातात (म्हणजे गुडघेदुखी जाते), झोप लागते. सासूचा स्वभावही सुधारत असावा, फक्त तसं छापलेलं नव्हतं. आपण डबे घ्यायचे, तीन माणसं आणायची, त्यांनी तीन-तीन आणायची. खालच्यांच्या खरेदीतला वाटा वर चढत येतो म्हणे.

रविवारी ताईने तिला मीटिंगला नेलं. भाड्याचा हॉल, टाळ्यांचा कडकडाट. ताई स्टेजवर चढली आणि माइकवर म्हणाली की साखरेच्या गोळ्या बंद करून चार महिने झाले, आज माझी साखर तुमच्यापेक्षा बरी आहे. लोक उभे राहिले. सुईवाली मात्र बसूनच राहिली. शेजारच्या बाईला तिने विचारलं, सभासद न होता नुसता डबा विकत घेणारे किती भेटले? बाई हसली. नुसता डबा कोण घेतं, म्हणाली, माणसं आणायची असतात.

घरी आल्यावर ताईने विषय काढला. महिनाअखेर तिला आणखी एक माणूस खाली हवं होतं, नाहीतर कंपनीतली तिची पायरी उतरणार होती. बाकीच्यांना ओळखीच्यांची यादी करावी लागते, हिला तीही गरज नाही.

"तुझी यादी रोज सकाळी दार उघडून उभी असते," ताई म्हणाली. "दंडाला पट्टा बांधला की माणूस कुठे पळतंय? तेवढ्यात दोन शब्द बोलायचे."

तिचं हो-नाही न ऐकताच ताईने दोन डबे तिच्या पिशवीत घातले.

सोमवारी ते डबे थंड पेटीखाली खुळखुळत होते. पहिल्या घरी एक आजोबा. त्यांनी बाही वर करून हात पुढे केला आणि नेहमीसारखे डोळे मिटले. तिला बोलवेना. दुसऱ्या घरी तिने तोंड उघडलं आणि 'पंखा जरा कमी करता का' एवढंच म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी, एके काळी कॉलेजात गणित शिकवलेली आणि तोंडाने फटकळ. तिथे हिची शीर चुकली. कापूस दाबून पुन्हा टोचलं, पुन्हा चुकली.

"तिसऱ्यांदा चुकलीस तर मी तुला टोचेन," म्हातारी म्हणाली. "आज लक्ष कुठे आहे?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. म्हातारी गणिताची, तिनाचे नऊ आणि नवाचे सत्तावीस करत शेवटच्या रांगेत कोण बुडतं ते मांडायला तिला वेळ लागला नसता. पण तिने विचारलं दुसरंच.

"ताईची साखर बघितली कुणी?"

"साखळीत तिच्या वर आहेत त्या बाईंनी. बोटाला टोचून. मशीन त्यांचंच."

"आणि तू?"

सुईवालीने ट्यूबवर नाव लिहायला घेतलं आणि लिहितच राहिली. गावभर दुसऱ्यांची रक्तं काढत हिंडणाऱ्या बाईने चार महिन्यांत सख्ख्या बहिणीचं रक्त घेतलं नव्हतं. सुचलं नाही, असं ती म्हणाली. ते खरं नव्हतं. सुचत होतं, पण तो विचार ती वर येऊ देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिली बेल तिने ताईकडे वाजवली. ताईच्या बाहेरच्या खोलीत डब्यांची भिंत उभी होती, खिडकी अर्धी बुजलेली. ताई पाणी पीत होती. एक तांब्या संपला, तिने दुसरा भरला. गाऊन खांद्यावरून ओघळत होता. वजन उतरल्याचं ती कौतुकाने सांगायची. ही अठरा वर्षं असली माणसं बघत आली होती. अशी तहान आणि असं उतरलेलं वजन म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मी सभासद होते," ती म्हणाली. "पण नुसत्या तोंडाने बोललेलं लोक ऐकत नाहीत. तुझा रिपोर्ट दाखवला तर ऐकतील. हात दे."

ताईने बाही वर केली. पट्टा बांधला. शीर टपोरी वर आली. तिने सुईचं टोपण काढलं, आणि ताईने हात मागे ओढून घेतला, दुसऱ्या हाताने पट्टा सोडून टाकला.

"आज नको. मी खाल्लंय."

ओटा कोरडा होता, एक ताटलीही उष्टी नव्हती.

"खाल्ल्यानंतरचीही बघता येते, ताई."

"मला तपासायला आलीस? वेण्या घातल्यात मी तुझ्या." मग डब्यांकडे बघत ताई हळूच म्हणाली, "आणि जास्त निघाली, तर हे सगळं मी कुणाच्या गळ्यात मारू?"

ताई फसलेली आहे, असं समजून सुईवाली आली होती. ताईला माहीत होतं. माहीत असूनही ती रोज चमचा घालून पीत होती, आणि माइकवर बोलत होती.

तिने पिशवीतले दोन डबे काढून डब्यांच्या भिंतीवर ठेवले, मी सभासद होणार नाही म्हणाली, आणि गोळ्या सुरू कर म्हणून हात जोडले. ताई चिडली नाही. जाताना दार ओढून घे, एवढंच म्हणाली, आता माणसं यायची आहेत. तेव्हापासून ताई हिचा फोन उचलत नाही. हिने लॅबमध्ये दुपारचंही काम मागून घेतलं. सगळी दारं तिला पूर्वीसारखीच उघडतात, पण प्रत्येक बाही वर झाली की मागे ओढलेला तो एक हात तिला दिसतो.

आता पुन्हा 'तू', आणि ती तिसऱ्या मजल्यावरची फटकळ म्हातारी म्हणजे मी. तू हे मला सांगितलंस तेव्हा आपलं ठरलं होतं: धाकट्या बहिणीला झिडकारता येतं, परक्या म्हातारीला दारातून हाकलता येत नाही. मी ताईला बोलण्यात गुंतवायचं, हात मी धरायचा, सुई तू लावायची. गुरुवार ठरला. त्या गुरुवारी तुला दोन घरं जास्त आली. पुढच्याला माझा गुडघा आडवा आला. त्यानंतर आपण दोघींनी एकमेकींना विचारणंच सोडलं. रिपोर्ट काय येईल याची तुला धास्ती होती, आणि मलाही, हे मी आज कबूल करते.

परवा औषधाच्या दुकानासमोर तुझी ताई दिसली, तू फोटोत दाखवली होतीस तीच. डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी, मळलेली, चप्पल फरपटत चालली होती. हातात डबा, आणि दोन बायका कान देऊन ऐकत होत्या. मी हाक मारली नाही.

सकाळी साडेसहाला माझ्या जिन्याखाली भेटायचं ठरलं होतं, तू पेटी घेऊन, मी काठी घेऊन. त्याला तीन महिने होत आले. आपण अजून गेलेलो नाही.