ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी

माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात की नाही, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आमच्या घरात टाक आणि शाई पहिल्यांदा मी आणली. त्याआधी कागदावर अंगठेच उमटत. तेव्हा लिहिण्यात चुका होतील, त्याबद्दल वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. पण ही गोष्ट मी लिहिली नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाला ती ठाऊकही नाही.

दुसरी मोठी लढाई संपून तीनेक वर्षं झाली होती. मी सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. नाताळच्या सुमारास आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं पत्र आलं. अमेरिकेहून सहा कॉलेजची मुलं बोटीने येणार होती. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात सहा आठवडे राहून आमच्या वस्तीसाठी शाळेची खोली स्वतःच्या हातांनी बांधून देणार होती. वस्तीत इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून रजा काढून मी गावी गेलो. नवा सदरा घेतला होता आणि आरशात बघून इंग्रजी वाक्यं घोकली होती.

आमची वस्ती आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेली. पण गावाने आम्हाला होतो तिथेच, वेशीबाहेर ठेवलं होतं. चावडीजवळच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. आमचं पाणी उसाच्या फडांपलीकडे, ओढ्याकाठच्या विहिरीवर. वाट लांब, पायऱ्या निसरड्या. आदल्या वर्षी आई तिथे घसरली होती. तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची.

पाहुणे आले. राहुट्या उभ्या राहिल्या. पहिले दोन दिवस सगळा गाव त्यांना बघून गेला. सायबाची पोरं चिखल तुडवतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नव्हतं. त्यांतला एक तांबड्या केसांचा, उंच मुलगा माझा मित्र झाला; वस्तीत सगळे त्याला तांबडाच म्हणत. तोही माझ्यासारखाच घरातला पहिला कॉलेजात गेलेला. त्याचे वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. संध्याकाळी हाताच्या फोडांना खोबरेल लावत तो घरच्या गोष्टी सांगायचा. त्या थंडीच्या दिवसांची आठवण आली की मला आजही ओल्या मातीचा आणि शेजारच्या गुऱ्हाळातल्या काकवीचा वास येतो. काकवीत भाकरी बुडवून खाताना त्याच्या हनुवटीला ओघळ लागायचे आणि वस्तीतली मुलं पोट धरून हसायची.

आम्हा कुणाच्या आधी ध्यानात आलं नाही ते असं, की भिंतीच्या मातीला पाणी लागतं. आणि पाणी वाहायच्या बायका. तिसऱ्या दिवशी तांबड्याने आईला भरल्या घागरीने वाकून, पाय ओढत येताना पाहिलं. त्याने मला विचारलं, गावात जवळ विहीर दिसते, मग या एवढ्या लांब का जातात?

उत्तर सोपं होतं. पण तोंडून निघेना. ज्याला मी आमचं कॉलेज, आमची नदी अभिमानाने सांगत होतो, त्याला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी गोड आहे.

त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तो बायकांबरोबर ओढ्यावर गेला. गड्यांसारखी खांद्यावर कावड घे म्हटलं तर नको. त्याला डोक्यावरच हंडा हवा. बायकांनी त्याला चुंबळ करून दिली. परत येईपर्यंत अर्धा हंडा त्याच्या अंगावर. शेजारची काकू म्हणाली, "आता याला सासू बघा कुणीतरी." त्यानंतर तो रोज दोन खेपा आणू लागला.

पाणी गोड म्हणून तुम्ही लांब जाता, असं मी त्याला सांगितल्याचं आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "गोड हाय म्हणून सांगितलंस व्हय? मग आपली डाळ का शिजत न्हाई, ते बी सांग की त्याला."

ओढ्याकाठचं पाणी मचूळ होतं. त्यात डाळ कितीही उकळली तरी दाणा टणकच राहायचा. पाहुणे ती डाळ रोज मुकाट्याने चावून खात होते.

एकदा तांबडा येताना चावडीजवळच्या विहिरीवर थांबला. तिथल्या म्हाताऱ्याने त्याला अदबीने वरून पाणी घातलं, तो ओंजळीने प्याला. वस्तीत येऊन मला म्हणाला, तेही पाणी चांगलं आहे, निदान मातीसाठी तरी तिथून आणू या. मी सांगितलं, ती एका घराची खासगी विहीर आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

खोली उभी राहिली. शेवटच्या दिवशी सगळी वस्ती तिथे जमली, गीतं झाली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग तांबडा आईजवळ गेला आणि मला म्हणाला, आईला विचार, आमच्याकडून काय करायचं राहिलं?

आई उभी राहिली. पदर नीट केला. "त्याला म्हणावं, खोली लय चांगली झाली. पर आमच्या दाराशी हीर पायजे. ती झाली तर माझ्या पायाला उसंत मिळंल."

सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांजवळ काही मागायचं नाही, असं मीच वस्तीला बजावून ठेवलं होतं. आणि विहीर मागितली की जवळची विहीर का नाही, हेही सांगावं लागणार होतं. मी इंग्रजीत म्हणालो, ती म्हणते, काहीच राहिलं नाही, पुन्हा या.

तांबड्याने हसून आईचे हात हातात घेतले. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण विहीर मागितल्यावर माणूस असा हसत नाही, एवढं तिला कळत होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "तू शिकलास, म्हणून आमी तुझ्या तोंडानं बोलायचं. तूच गिळलंस तर कुणाच्या तोंडानं बोलायचं रं?"

बोटीला अवकाश होता म्हणून पाहुणे साताऱ्याला गेले, तिथून दोन दिवस महाबळेश्वरला. सोबत मी होतो. धुक्यात एका कड्यावर आम्ही दोघेच उभे होतो. तेव्हा सांगायचं, असं मी गाडीत ठरवलं होतं. पण तो त्याच्या आईविषयी बोलत होता, मी ऐकत राहिलो. मग मोटारीचा भोंगा वाजला.

सांगलीला परत आल्यावर अभ्यासात मन लागेना. कृष्णेच्या घाटावर बायका घागरी भरताना दिसल्या की मी तिथून उठून जायचो. चार महिने असे गेल्यावर एका दुपारी मी त्याला पत्र लिहिलं. दोन्ही विहिरींबद्दल, डाळीबद्दल, आणि आई खरोखर काय बोलली त्याबद्दल. माफी कशी मागावी हे इंग्रजीत नीट जमलं नाही. पत्र टाकलं. पावसाळा गेला, उत्तर नाही. मला वाटलं, संपलं.

दिवाळीनंतर उत्तर आलं. पाणी मचूळ आहे हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं. त्याला वाटलं होतं, आमच्याकडे याहून बरं पाणी नाही आणि मी पाहुण्यापुढे लाज झाकतो आहे, म्हणून तो गप्प बसला. जवळच्या विहिरीचं पाणी प्याल्यावर त्याला शंका आली, पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्या चर्चची मंडळी आमच्या शाळेला एक मोठी घंटा पाठवणार होती. त्याने माझं पत्र रविवारच्या भक्तीच्या वेळी वाचून दाखवलं आणि घंटा राहू द्या, ते पैसे विहिरीला द्या म्हणाला.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. वस्तीत खणायला सुरुवात झाल्याचं कानावर आलं, मग खाली पाषाण लागून काम थांबल्याचं. परीक्षा तोंडावर आल्याने मला गावी जाता येईना. चैत्रात एके दिवशी कॉलेजच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. अक्षर शाळेच्या मास्तरांचं, मजकूर आईचा.

"चिरंजीवास सलाम. सुरुंग लावल्यावर पाषाण फुटला. पस्तीस हातांवर पाणी लागलं. तुझ्या आईने काल पहिली घागर घरी आणली. तुला एवढंच कळवायला सांगते, की डाळ शिजली."