उलटी पाती

माझ्या वडिलांना सगळे पातीवाले म्हणायचे. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. नाताळात जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवतात तो लाकडी मनोरा आमच्या घरी तयार होतो. खाली मेणबत्त्या, वर गोल चकत्यांवर मेंढपाळ, मेंढ्या, उंट आणि गव्हाणीतल्या देवबाळासाठी नजराणे घेऊन निघालेले तीन राजे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पंख्यासारखी लाकडी पाती. मेणबत्त्या पेटवल्या की गरम हवा वर चढते, पाती फिरतात, त्यांच्याबरोबर मधला आस फिरतो आणि राजे चालायला लागतात. चावी नाही, सेल नाही. आमच्याकडे येणारं प्रत्येक पोर टेबलाखाली वाकून वायर शोधतं, आणि बाबांना दरवर्षी त्याची तेवढीच मजा वाटायची.

गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की बाबा त्याला इतिहास सांगायचे, तोही तिखटमीठ लावून. आमचे पूर्वज खाणीत कामाला. हिवाळ्यात उजाडायच्या आत खाली उतरायचं आणि अंधार पडल्यावर वर यायचं. ऊन दिसायचं ते सुट्टीच्या दिवशी. म्हणून त्या माणसांना नाताळात टेबलावर उजेड हवा असायचा, आणि तो भरपूर हवा असायचा. आधी नुसत्या चार काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून, त्यांना हिरव्या डहाळ्या गुंडाळून आत मेणबत्त्या लावत. मग खाणीतलं पाणी उपसायला घोडा ज्या रहाटाला जुंपत, तो गोल फिरताना रोज बघून कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपलं हेही फिरवावं. तो कुणीतरी म्हणजे आपले आजोबा, असं बाबा बेधडक ठोकून द्यायचे. आई आतून म्हणायची, मागच्या गिऱ्हाइकाला पणजोबा सांगितले होते. पुढे खाण बंद पडली, आणि फावल्या वेळात लाकूड कोरणाऱ्या लोकांचं त्याच कामावर पोट चालू लागलं.

आमच्याकडे कामं वाटलेली होती. लेथवर बाहुल्या उतरवायचं काम माझं आणि बाबांचं, त्यांना रंग देऊन नाक-डोळे काढायचं आईचं. पाती मात्र बाबांची, तिथे कुणी बोट लावायचं नाही. मधल्या तुंब्यात, म्हणजे आसाच्या टोकावरच्या लाकडी गोळ्यात, बारा तिरप्या खाचा पाडायच्या, प्रत्येक खाचेत एक पातं सरसाने बसवायचं. बाराही खाचांचा तिरपेपणा एकसारखा हवा, आणि तो बाबा नुसत्या नजरेने साधायचे. स्वतः मेणबत्ती लावून बघायचे नाहीत. शिंप्याने काय प्रत्येक झबलं स्वतः घालून बघायचं, असं विचारायचे. तपासणी आईची. आई गेल्यावर ती आणि रंगाचं काम माझ्याकडे आलं.

त्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी बाबांचं तोंड वाकडं झालं. दोन दिवसांत सरळही झालं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. त्यानंतर ते उजवा बूट डाव्या पायात घालायचे, शर्टाची गुंडी भलत्याच काजात अडकवायचे. मी त्यांची थट्टा करायचे. आज त्या थट्टेची लाज वाटते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी नवा मनोरा तपासायला घेतला. मेणबत्त्या लावल्या, पाती हलली, आणि तिन्ही राजे पाठमोरे चालायला लागले. नजराणे हातात धरून, जसे आले तसे परत. आधी मला हसूच आलं. खिडकीतून वारा येत असेल म्हणून खिडकी लावली. दुसरा मनोरा घेतला, तिसरा घेतला. तोवर झालेले आठच्या आठ उलटे. बाबांनी सगळ्या खाचा उलट्या बाजूला तिरप्या पाडल्या होत्या, एकसारख्या, एका केसाचाही फरक नाही.

मी सांगायलाच गेले होते. ते खिडकीपाशी पातं घासत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"तोंड वाकडं झालं ना, तेव्हा मला तोंडाची काळजी नव्हती गं. हाताची होती. पण हात शाबूत आहे बघ."

"शाबूत आहे, बाबा," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानंतर रोज मी ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज त्यांच्याकडे बघून गप्प बसायचे. सांगितलं तर ते कामावरून उठतील हे मला माहीत होतं, आणि काम गेल्यावर माझ्या वडिलांत काय उरेल हे मला बघायचं नव्हतं. दुपारी दोन ते चार ते झोपायचे. तेवढ्या वेळात मी त्यांची पाती उतरवायचे. सरस पक्का, सुटायचा नाही, तोडावंच लागायचं. मग नवा तुंबा, नव्या खाचा. बत्तीस वर्षं बघत आले होते, तरी माझे पहिले चार मनोरे जागचे हलले नाहीत. पाचवा हलला. सहावा फिरला, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मोडलेले तुकडे लाकडांच्या टोपलीत बाबांना दिसतील म्हणून मी ते शेगडीत घालायचे. चारला उठून बाहेर आले की ते हात शेकत म्हणायचे, आज खोली छान ऊबदार झालीय. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तू केलंस ते चांगलंच केलंस. मलाही तसंच वाटत होतं.

असे तीन आठवडे गेले. एकतीस मनोरे झाले.

दुकानदार माल न्यायला आला, त्या दिवशी बाबा खुशीत होते. चहा घेता घेता दुकानदाराने एक मनोरा लावून बघितला आणि म्हणाला, यंदा फारच हलके फिरतायत. बाबांनी कौतुकाने तो उचलला आणि एका पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. त्यांच्या पात्याची कड नेहमी गोल असते. माझी धारदार राहिली होती. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंगठा मध्येच थांबला. त्यांनी दुसरा मनोरा घेतला, मग तिसरा. ते तसेच उठून खोकी गाडीत ठेवू लागले. दुकानदाराबरोबर आलेल्या बाईंनी विचारलं म्हणून खाणीचा इतिहासही सांगितला, पण मनोरा फिरवायचं कुणाला सुचलं ते माहीत नाही म्हणाले.

गाडी गेल्यावर ते आत येऊन आपल्या स्टुलाशी उभे राहिले. बसले नाहीत. त्या स्टुलावर ते पुन्हा कधीच बसले नाहीत, आणि फेब्रुवारीत गेले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"सगळे?"

"सगळे."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. मी तीन आठवडे ते शेजारच्या खोलीत झोपले असताना त्यांच्या नकळत त्यांच्या कामाचे तुकडे करत होते, आणि वर संध्याकाळी हात शाबूत आहे म्हणत होते. ते मात्र टेबलावर राहिलेला एक मनोरा फिरवून बघत होते.

"पाती चांगली झालीयत तुझी," ते म्हणाले. "कड तेवढी गोल करत जा." मग त्यांनी खोलीत इकडेतिकडे बघितलं. टोपलीत बघितलं, फळीवर बघितलं. "माझी कुठायत?"

"जाळली, बाबा. तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

एकतीस मनोऱ्यांची पाती. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते, आणि त्यातलं एक पातंही आज माझ्याकडे नाही. बाबांनी वाकून शेगडीत बघितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"एक तरी ठेवायचं होतंस गं," ते म्हणाले. "मला बघायचं होतं, उलटं कसं फिरतं ते."